क्रोशाचे फूल, पाने आणि देठ

कार्यानुभवाच्या तासाला कोणती कृती घ्यावी, हा प्रश्न प्राथमिक शिक्षकांपुढे नेहमीच असतो. साहित्य स्वस्त असावे, जागा थोडी लागावी, तास संपताच काम थांबविता यावे आणि तयार होणारी वस्तू मुलांना आवडावी, एवढ्या अपेक्षा एकाच कृतीने पुऱ्या होणे कठीण. क्रोशाच्या कामाने त्या बऱ्याच अंशी पुऱ्या होतात. शिवाय ह्या कामात हातांइतकेच गणितही राबते, हा त्याचा विशेष गुण होय.

मोहाडी तालुक्यातील करडी परिसराच्या मुलांना धागा नवा नाही. त्याच तालुक्यातील आंधळगाव हे कोसा रेशमाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. मागावर ताणा व बाणा अशा दोन दिशांच्या धाग्यांची गुंफण होते. क्रोशात मात्र एकच सलग दोरा असतो आणि एका टाक्यातून दुसरा टाका ओढून काम वाढत जाते. त्यामुळे शेवटचा टाका मोकळा करून दोरा ओढला की केलेले काम उसवते व तोच दोरा पुन्हा वापरता येतो. चुकलेले काम वाया जात नाही, ही गोष्ट शिकाऊ मुलांच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

साहित्य

लाल, पिवळी व हिरवी जाडसर लोकर किंवा सुती दोरा, ३ ते ४ मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई, कात्री, मोठ्या नेढ्याची शिवणाची सुई, आणि सहज वाकेल अशी सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची तार. बारीक दोरा व पोलादी बारीक सुई आरंभी देऊ नये. टाके दिसत नाहीत व मुले कंटाळतात.

टाक्यांची ओळख

सरकगाठ सुईवर घेऊन आकडीने दोरा त्या गाठीतून ओढला की एक साखळी होते. सुई टाक्यात घालून दोरा ओढून घेतला म्हणजे सुईवर दोन वेढे येतात. पुन्हा दोरा घेऊन त्या दोहोंतून एकदम काढला की मुका खांब होतो. खांबासाठी प्रथम सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यावा, मग टाक्यातून दोरा ओढावा. सुईवर तीन वेढे येतात. त्यांपैकी दोहोंतून, नंतर उरलेल्या दोहोंतून, असा दोनदा दोरा काढावा. तिन्ही वेढ्यांतून एकदमच काढला तर तो अर्धा खांब होय. सुई टाक्यात घालून ओढलेला दोरा तसाच सुईवरील वेढ्यातूनही काढला, तर त्यास जोडटाका म्हणावे. मुलांचा हात साखळीवर बसेपर्यंत पुढचा टाका शिकवू नये.

फूल

नमुन्यासाठी जास्वंद निवडावी. तिच्या पाच पाकळ्या मुलांना मोजता येतात व मधला लांब दांडाही ओळखता येतो. खरे फूल वर्गात आणून प्रथम त्याचे निरीक्षण करवून घ्यावे.

लाल दोऱ्याने ६ साखळ्या घालून पहिल्या साखळीत जोडटाका घ्यावा. एक कडे तयार होते. १ साखळी घालून त्या कड्यात १० मुके खांब भरावेत आणि पहिल्या मुक्या खांबात जोडटाका घेऊन फेरी पुरी करावी. दुसऱ्या फेरीत ३ साखळ्या घालाव्यात, पुढच्या मुक्या खांबात ५ खांब घ्यावेत, पुन्हा ३ साखळ्या घालून त्यापुढील मुक्या खांबात जोडटाका घ्यावा. ही एक पाकळी झाली. असे पाच वेळा करावे. शेवटचा जोडटाका पहिल्या मुक्या खांबात येईल. तो तेथे न आल्यास कोठेतरी मोजणी चुकली आहे, हे मुलांना आपणच कळते.

मधल्या दांड्यासाठी पिवळ्या दोऱ्याच्या ९ साखळ्या घालून, सुईजवळची एक सोडून परतीच्या वाटेवर प्रत्येक साखळीत जोडटाका घ्यावा. दोऱ्याची टोके कड्याच्या छिद्रातून मागे ओढून शिवून टाकावीत.

पाने

हिरव्या दोऱ्याच्या ११ साखळ्या घालाव्यात. सुईजवळची एक सोडून पुढील साखळ्यांत क्रमाने १ मुका खांब, १ अर्धा खांब, ६ खांब, १ अर्धा खांब व १ मुका खांब घ्यावा. टोकाशी २ साखळ्या घालून मूळ साखळीच्या दुसऱ्या कडेने हाच क्रम पुन्हा घ्यावा व जोडटाक्याने पान बंद करावे. आखूड टाका टोकांशी व उंच टाका मध्ये आल्यामुळे पान दोन्ही टोकांना निमुळते होते. अशी दोन पाने करावीत.

देठ

तारेची दोन्ही टोके प्रथम वळवून घ्यावीत, म्हणजे ती बोटांना टोचणार नाहीत. सुईवर सरकगाठ घेऊन तार तिच्यालगत धरावी. सुई तारेखालून नेऊन दोरा ओढावा, मग तारेवरून दोरा घेऊन दोन्ही वेढ्यांतून काढावा. असे मुके खांब दाटीने सरकवीत सारी तार झाकावी. वरचे वळलेले टोक फुलाच्या पाठीस शिवावे आणि देठाच्या मध्यावर पाने थोडी खाली-वर जोडावीत. तारेचे काम मोठ्या मुलांनीच करावे. लहानांना साखळी व फूल पुरेसे आहे.

मोजणी आणि आकार

कृती पुरी झाल्यावर एक प्रयोग अवश्य करावा. कड्यात ६ मुके खांब घेऊन पुढील फेऱ्या १२, १८, २४ अशा प्रत्येकी ६ टाक्यांनी वाढविल्या तर सपाट चकती होते. वाढ थांबविली तर काम वाटीसारखे वळते. उलट प्रत्येक टाक्यात दोन टाके घेऊन ६, १२, २४, ४८ असे दुप्पट करीत गेले तर कडेला झालर पडते. आकार हाताच्या जोराने येत नाही, तो संख्येने येतो, हे मुलांना येथे डोळ्यांनी दिसते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना ह्या गणितज्ञ विदुषीने १९९७ साली ह्याच वाढीच्या नियमाने क्रोशावर अतिपरवलयी पृष्ठभागाची प्रतिकृती केली. कागदाच्या प्रतिकृती हाताळताना फाटत. ही टिकली व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडली.

कामाचे मोल

क्रोशे हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा अर्थ लहान आकडी असा आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडाले, तेव्हा अनेक कुटुंबांना ह्या कामाने आधार दिला. तेथील पद्धतीत फुले व पाने वेगवेगळी विणून नंतर जाळीने जोडली जातात. आपल्या नमुन्याची रीत त्याच जातीची आहे. आंध्र प्रदेशातील नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला नेली व तेथील क्रोशाच्या जाळीकामाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस ह्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या नरसापूरविषयीच्या ग्रंथात एक कठोर सत्य नोंदविले. हे काम करणाऱ्या स्त्रियांना कामगार न मानता फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी मानले जाई, म्हणून त्यांची मजुरी अत्यंत कमी राही.

शाळेने येथे सावध असावे. क्रोशे हे मुलींचे रिकाम्या वेळेचे काम आहे, असा समज वर्गातच रुजला तर तो पुढे मजुरीतही उतरतो. म्हणून हे काम मुलगे व मुली दोघांनाही सारख्याच गांभीर्याने द्यावे. प्रत्येकाने आपल्या फुलाला किती टाके लागले, किती दोरा लागला व किती मिनिटे लागली, हे वहीत लिहावे. फुलाच्या पाकळ्यांत ५ गुणिले ५ म्हणजे २५ खांब व दोन पानांत मिळून ४० टाके, एवढा हिशेब चौथीचे मूल सहज मांडील. मिनिटांची बेरीज झाल्यावर अशा फुलाची रास्त किंमत काय असावी, ह्यावर वर्गात चर्चा घडवून आणावी. ज्याने स्वतः टाके मोजले आहेत, तो दुसऱ्याच्या हाताचे काम फुकट मागणार नाही.