केस घेण्याआधी पाच मिनिटं फोनवर बोला

संध्याकाळी ब्युरोचा फोन येतो. "म्हातारी बाई आहे, चालती-फिरती. उद्या सकाळी आठला पोहोच." घरी पैसे हवेच असतात, आपण हो म्हणून टाकतो. आमच्यातली एक ताई अशीच गेली. आजी अंथरुणाला खिळलेल्या, नाकात नळी, लघवीची पिशवी, अंगानं भरपूर जड, आणि हात लावायला घरात दुसरं कुणी नाही. चौथ्या दिवशी ताईची कंबर धरली. पुढचे पंधरा दिवस तीच अंथरुणावर होती, रोज बुडाला तो वेगळा.

म्हणून भगिनींनो, आधी विचारा. पेशंट स्वतः उठतो का? वजन किती? नळी, ऑक्सिजन, जखम काय काय आहे? टीबी आहे का? रात्री भ्रमात मारतो, पळतो का? कूस बदलताना दुसरा हात कुणाचा? ड्युटी बारा तासांची की चोवीस, आणि चोवीस असेल तर झोपायचं कुठे, कधी? पैसे ब्युरो देणार की घरचे, कोणत्या तारखेला? ब्युरोला उत्तरं माहीत नसतील तर घरी विचारून कळवायला सांगा. ओळखीसाठी प्रमाणपत्राची झेरॉक्स द्या, मूळ प्रत कुणाकडेही ठेवू नका.

आपल्या वस्त्यांतल्या बऱ्याच जणी सहा महिन्यांचा कोर्स करून हे काम करतात. काम मोलाचंच आहे. पण ब्युरोवाला 'सिस्टर पाठवतो' म्हणून दर लावतो आणि घरचे इन्सुलिनचं पेन हातात देतात. तुम्ही एएनएम किंवा जीएनएम असाल, नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव असेल, तर डॉक्टरांच्या लेखी सूचनेवर द्या. सूचना फोनवर आली तर तीच मेसेज करायला सांगा. नसाल तर 'मी केअरटेकर आहे, इंजेक्शन देत नाही' हे पहिल्याच फोनवर सांगा. पेशंट जेवला नाही आणि इन्सुलिन दिलं गेलं, तर साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडतो. मग बोट तुमच्याकडेच.

पहिल्या सकाळी सगळ्यात आधी पाठ बघा. घरचं माणूस शेजारी उभं करून कंबरेखालचा भाग, नितंब, टाचा तपासा. लाल चट्टा किंवा जखम दिसली की तारीख-वेळ टाकून वहीत लिहा, त्यांची सही घ्या. आठ दिवसांनी 'तुमच्यामुळे झालं' ऐकलेल्या आमच्यात तिघी आहेत. दर दोन तासांनी कूस बदलली की तेही त्याच वहीत. नाकातल्या नळीनं भरवताना डोक्याकडची बाजू उंच हवी, नंतरही अर्धा तास तशीच. खोकला लागला की लगेच थांबायचं.

वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका. टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवा, पिळू नका, चोखू नका, आणि शक्यतो दोन तासांत सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस काम धरण्याआधीच घेतलेले बरे.

घरातल्या पुरुषानं त्रास दिला तर गप्प बसू नका. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा खाजगी घरातल्या कामालाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तातडीला ११२.

आडनाव ऐकून कप वेगळा काढणारी घरं अजून आहेत. यावर आमच्यात एकमत नाही. एक म्हणते, त्याच क्षणी केस सोडावी. दुसरी म्हणते, वागणं घरच्यांचं, अंथरुणावरच्याचा काय दोष?

मात्र केस सोडायची तर पेशंटला एकटं टाकून नाही. ब्युरोला कळवा, दुसरी बाई येईपर्यंत थांबा, वही तिच्या हातात द्या. निघण्याआधी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घ्या.