विषाणुज्वरोत्तर तीव्र मस्तिष्कविकृती : एमआरआय काय सांगतो?

आयुर्वेदाने ज्वरास सर्व रोगांत अग्रस्थान दिले आहे. देवगड-जामसंडे परिसरात ज्वराचा रुग्ण बहुधा प्रथम वैद्याकडे किंवा औषध दुकानात येतो आणि थोड्याच दिवसांत बरा होतो. क्वचित मात्र साध्या फ्लूनंतर एक-दोन दिवसांतच बालकास झटके येतात व ते बेशुद्ध होते. 'अ‍ॅक्यूट नेक्रोटायझिंग एन्सेफलोपॅथी', म्हणजे मेंदूतील ऊतींचा नाश करणारी तीव्र विकृती, ही अशीच एक दुर्मिळ व घातक अवस्था होय. जपानमधील मिझुगुची व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तिचे स्वतंत्र वर्णन केले. इन्फ्लुएन्झा हे तिचे प्रमुख कारण. डेंग्यूनंतर आणि २०२० पासून कोविडनंतरही ती आढळली आहे. २००९ मध्ये पुण्याने स्वाईन फ्लूची साथ अनुभवली असल्याने हा विषय आपणांस दूरचा नाही.

या व्याधीचे निदान मुख्यतः मेंदूच्या प्रतिमेवर अवलंबून असते. मेंदूच्या मध्यभागी असलेल्या दोन्ही थॅलॅमसमध्ये सारखीच, जणू आरशातील प्रतिबिंबासारखी विकृती दिसते. मस्तिष्कस्तंभ, लहान मेंदू व श्वेतद्रव्य यांतही ती पसरू शकते. एमआरआयमध्ये थॅलॅमसमधील विकृती अनेकदा थरांची दिसते : केंद्रस्थानी रक्तस्राव व मृत ऊती, भोवती सूज. रक्तस्राव, पोकळी किंवा मस्तिष्कस्तंभातील विकृती आढळल्यास साध्यासाध्यता प्रतिकूल समजावी.

मेरुद्रवात प्रथिने वाढतात, परंतु पेशी सहसा वाढत नाहीत. यावरून विषाणू मेंदूत शिरून हानी करतो असे नसून, शरीराच्या अतिरेकी प्रतिक्रियेने रक्तवाहिन्यांची अभेद्यता नष्ट होते, असे मानले जाते. काही कुटुंबांत 'रॅनबीपी-२' या जनुकातील दोषामुळे ही व्याधी पुनःपुन्हा उद्भवते; म्हणून भावंडांचा पूर्वेतिहास अवश्य विचारावा.

बेशुद्धीसह येणारा प्रत्येक ज्वर हीच व्याधी नव्हे. जपानी मेंदूज्वरातही थॅलॅमस बाधित होतो, पण मेरुद्रवात पेशी वाढतात. १९६५ मध्ये नागपूरजवळ प्रथम सापडलेल्या चांदीपुरा विषाणूने २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात अनेक बालकांचा बळी घेतला. हा भेद रुग्णालयातच होऊ शकतो.

या व्याधीत सुमारे ३० टक्के रुग्ण दगावतात व वाचलेल्यांपैकी अनेकांना व्यंग राहते. मस्तिष्कस्तंभ बाधित नसल्यास पहिल्या २४ तासांत दिलेल्या स्टेरॉइडचा लाभ झाल्याचे जपानी अनुभव सांगतो. म्हणजे आपल्या हाती मोजकेच तास असतात.

सन्निपातज्वरातील तंद्रा, प्रलाप व मोह या लक्षणांकडे आचार्यांनीही गांभीर्यानेच पाहिले आहे. ज्वरित बालकात झटका, असंबद्ध बोलणे, सतत गुंगी किंवा वारंवार वांती यांपैकी काहीही दिसल्यास तोंडावाटे औषध न देता, बालकास कुशीवर निजवून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने एमआरआय व अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. आपल्या भागातून अशा प्रवासातच बराच वेळ जातो. म्हणून उद्यापर्यंत वाट पाहू नये. ज्वर केव्हा आला, झटका केव्हा आला आणि कोणती औषधे दिली, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

औषध विक्रेत्या बंधूंस विशेष विनंती : विषाणुज्वर असलेल्या बालकास अ‍ॅस्पिरिन देऊ नये. फ्लूच्या संशयात डायक्लोफेनॅक व मेफेनॅमिक आम्लही टाळावे. ज्वरशमनासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल हाच सुरक्षित पर्याय होय.