रुग्णांची माहिती क्लाउडवर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

केसपेपर, तपासणी अहवाल आणि औषधांच्या नोंदी क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर, ठेवाव्यात का, हा प्रश्न निघाला की चर्चा ‘माहिती कुठे राहणार’ यातच अडकते. गेल्या काही वर्षांतल्या घटना मात्र सांगतात, की माहितीची सुरक्षितता जागेपेक्षा रोजच्या देखभालीवर ठरते.

गैरसमज १ : सर्व्हर आपल्याच इमारतीत असला की माहिती सुरक्षित.

वस्तुस्थिती : दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला, तेव्हा बाधित झालेले पाचही सर्व्हर संस्थेचेच होते. सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कूटबद्ध करून निरुपयोगी केली आणि नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे कागदावर आली. नेटवर्कचे भाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नव्हते, असे सरकारने संसदेत सांगितले. ‘ई-हॉस्पिटल’ या रुग्णालयाच्या संगणक प्रणालीतली माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. मे २०१७ मध्ये ‘वॅनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या संगणक-विषाणूने इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचे, म्हणजे ही सेवा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांचे, कामकाज विस्कळीत केले, तेव्हाही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दोन महिने आधीच दिली होती, अनेक संगणकांवर ती बसवलेली नव्हती. पूर्णवेळ तंत्रज्ञही न परवडणाऱ्या छोट्या रुग्णालयाकडून ही शिस्त रोज पाळली जाईल, असे समजणे धाडसाचे आहे. क्लाउड कंपनीचा तो मूळ व्यवसायच असतो.

मोठ्या कंपन्यांचे सर्व्हरही बंद पडतातच, हा आक्षेप खरा आहे. १९ जुलै २०२२ रोजी लंडनमध्ये पारा चाळिशीपार गेला, तेव्हा गायज अँड सेंट थॉमस रुग्णालयांची स्वतःची दोन्ही डेटा सेंटर बंद पडली. त्याच दिवशी गूगल क्लाउडच्या लंडनमधल्या एका केंद्राची शीतकरण यंत्रणाही कोलमडली. पण गूगलच्या बहुतेक सेवा दुसऱ्या दिवसापर्यंत सुरू झाल्या, तर रुग्णालयाला पूर्वपदावर यायला कित्येक आठवडे लागले. बिघाड दोन्हीकडे झाला. फरक पडला तो त्यातून सावरण्याच्या तयारीमुळे.

गैरसमज २ : क्लाउडवर गेलो की आपली काळजी मिटली.

वस्तुस्थिती : क्लाउडमध्ये जबाबदारीची वाटणी होते. इमारत, वीज, यंत्रे आणि त्यांची देखभाल कंपनीकडे. कोणत्या कर्मचाऱ्याने कोणती नोंद पाहायची, नोकरी सोडलेल्याचे खाते कधी बंद करायचे, बॅकअप कुठे ठेवायचा, हे रुग्णालयाकडेच राहते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले. दुसऱ्या ठिकाणी प्रत न ठेवणाऱ्या ग्राहकांची माहिती कायमची गेली. कायदाही ही जबाबदारी झटकू देत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार माहितीवरची प्रक्रिया दुसऱ्या कंपनीकडून करून घेतली, तरी उत्तरदायी राहते ती ज्या संस्थेसाठी ते काम होते तीच. सुरक्षेच्या उपायांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

गैरसमज ३ : क्लाउड म्हणजे माहिती परदेशात किंवा सरकारच्या एकाच कोठारात.

वस्तुस्थिती : मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई इथे आहेत आणि माहिती कोणत्या केंद्रात ठेवायची ते ग्राहक निवडतो. सरकारी कामासाठी सूचिबद्ध झालेल्या कंपन्यांवर तर माहिती भारतातच ठेवण्याचे बंधन आहे. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचनाही विकेंद्रित आहे. १४ अंकी ‘आभा’ क्रमांक ओळख जुळवतो, नोंदी मात्र त्या तयार करणाऱ्या रुग्णालयाकडे किंवा प्रयोगशाळेकडेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दाखवल्या जातात. विदेशी कंपनीला तिच्या देशाचे कायदे लागू होतात, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणूनच माहिती कूटबद्ध करून ठेवणे आणि तिची किल्ली रुग्णालयाने स्वतःकडे राखणे महत्त्वाचे.

इंटरनेट आणि खर्च हे आक्षेपही हलके नाहीत. जिथे जोडणी वारंवार तुटते, तिथे नोंद आधी स्थानिक संगणकावर होऊन नंतर क्लाउडवर जाईल अशीच प्रणाली हवी. वापरानुसार येणारे बिलही क्ष-किरण आणि एमआरआयच्या जड फायलींमुळे फुगू शकते, त्यामुळे क्लाउड नेहमी स्वस्तच पडतो हेही खरे नाही. हे आक्षेप नियोजनाने सुटू शकतात. देखभालीविना पडलेल्या सर्व्हरचा धोका केवळ तो आपल्या छताखाली आहे म्हणून कमी होत नाही.

तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी रुग्णालयांनी चार गोष्टी लेखी घ्याव्यात : माहिती कोणत्या शहरात राहील, दुसरी प्रत कुठे असेल, बिघाडानंतर सेवा किती तासांत सुरू होईल आणि करार संपल्यावर सगळ्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील. यांची स्पष्ट उत्तरे न देणाऱ्या कंपनीकडे रुग्णांची माहिती सोपवू नये.