दुबळी लीग : अपुरे कारण

देशांतर्गत लीग दुबळी असली की तिचे क्लब खंडीय स्पर्धेत, म्हणजे अनेक देशांच्या अव्वल क्लबांमधील स्पर्धेत, टिकत नाहीत, हे स्पष्टीकरण भारतापुरते तरी अपुरे आहे. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या गटसाखळीत २०२१ मध्ये उतरलेल्या एफसी गोवा या पहिल्या भारतीय क्लबने तीन सामने बरोबरीत सोडवले, आणि २०२२ मध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला दोनदा नमवून गटात दुसरे स्थान मिळवले. मात्र त्याच देशांतर्गत लीगमधून आलेली मुंबई सिटी २०२३ मध्ये सर्व ६ सामने हरली. दीड वर्षात लीग एवढी खालावत नाही. सौदी अरेबियाच्या अल हिलालसारख्या धनाढ्य क्लबचा गटातील समावेश आणि ऐन मोहिमेत प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांचे जाणे, ही कारणे अधिक वजनदार ठरतात.