परदेशात औषधोपचाराला विमा, दातांना मात्र वेगळे बिल

चेन्नई : डिसेंबर-जानेवारीतील संगीत महोत्सवाच्या काळात चेन्नईत येणाऱ्या अनेक अनिवासी भारतीयांच्या दिनक्रमात मैफली आणि नातेवाइकांच्या भेटींबरोबर दंतवैद्याचीही वेळ ठरलेली असते. पुण्या-मुंबईत सुट्टीवर येणाऱ्या मराठी कुटुंबांचा अनुभवही निराळा नाही. प्रगत आरोग्यव्यवस्था असलेल्या देशांत राहणाऱ्यांना दाढेच्या उपचारासाठी मायदेशी का यावे लागते, याचे उत्तर त्या व्यवस्थांच्या रचनेत दडलेले आहे. बहुतेक ठिकाणी शरीराचा विमा आणि दातांचा विमा या दोन स्वतंत्र गोष्टी मानल्या गेल्या आहेत.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा जुलै १९४८ मध्ये सुरू झाली, तेव्हा दंतोपचारही विनामूल्य होते. मात्र १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्यांवर शुल्क लावण्याचा निर्णय झाला आणि त्याच्या निषेधार्थ या सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. आज इंग्लंडमध्ये दंतोपचाराचे तीन दरटप्पे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार तपासणीसाठी २७.४० पौंड, दात भरणे किंवा रूट कॅनलसाठी ७५.३० पौंड आणि कॅप किंवा कवळीसाठी ३२६.७० पौंड आकारले जात होते. हे दर खासगी उपचारांपेक्षा कमी असले, तरी सरकारी सेवेत नवे रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळणे हीच अनेक भागांत खरी अडचण आहे. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या व्हिसासाठी प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. दंतोपचाराचे शुल्क त्याहून वेगळे असते.

अमेरिकेत ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर योजना १९६५ मध्ये आली, पण दातांची नेहमीची निगा मूळ योजनेबाहेरच राहिली. २०१० च्या आरोग्य कायद्याने लहान मुलांचे दंतोपचार अत्यावश्यक लाभांत आणले, प्रौढांचे नाहीत. नोकरीबरोबर मिळणाऱ्या दंतविम्याला बहुधा वर्षाला एक ते दोन हजार डॉलरची मर्यादा असते. दाढेचे एक रूट कॅनल आणि त्यावरची कॅप यांतच ती संपू शकते.

कॅनडातील सार्वजनिक विम्यातही दंतवैद्याच्या दवाखान्यातील उपचार सर्वसाधारणपणे येत नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी तेथील केंद्र सरकारने दंतसेवा योजना आणली आणि मे २०२४ पासून तिचे लाभ मिळू लागले. मात्र त्यासाठी कौटुंबिक निव्वळ उत्पन्न ९० हजार कॅनेडियन डॉलरपेक्षा कमी असावे लागते, अन्य दंतविमा नसावा लागतो आणि प्राप्तिकर विवरणपत्र भरलेले असावे लागते. नुकत्याच पोहोचलेल्या कुटुंबाला ही शेवटची अट अडवते. जर्मनीने वेगळा मार्ग निवडला आहे. तेथे कॅप, ब्रिज किंवा कवळीसाठी सार्वजनिक विमा ठरावीक उपचाराच्या खर्चाचा ६० टक्के भार उचलतो. सलग पाच वर्षे नियमित तपासणीची नोंद असल्यास ७० आणि दहा वर्षांची असल्यास ७५ टक्के.

साध्या दुखण्यांचा अनुभवही असाच वेगळा आहे. ब्रिटनमध्ये कानाच्या तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी सहसा नोंदणी केलेल्या सामान्य डॉक्टरची चिठ्ठी लागते. चेन्नईत रुग्ण त्याच संध्याकाळी थेट तज्ज्ञाचे दार ठोठावू शकतो. मात्र ही सोय खिशातून विकत घेतलेली असते. आयुष्मान भारत विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च उचलते आणि खासगी आरोग्यविमाही अपघात वगळता दातांना सहसा हात लावत नाही. काही हजार रुपयांचे रूट कॅनल डॉलरमध्ये कमावणाऱ्याला स्वस्त वाटते. रोजंदारीवरील कामगाराला नाही. त्याचा आधार म्हणजे चेन्नईचे १९५३ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबईतील नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयासारख्या सार्वजनिक संस्था.

सुट्टीतील उपचारांत पैशांपेक्षा वेळेचे गणित अधिक चुकते. रूट कॅनलला दोन-तीन भेटी लागू शकतात आणि कॅप प्रयोगशाळेतून येण्यास काही दिवस जातात. कृत्रिम दाताचा स्क्रू हाडात रुजण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे तीन आठवड्यांच्या रजेत हे काम पूर्ण होत नाही. अर्धवट उपचार घेऊन परतलेल्या रुग्णाला तेथे नवा दंतवैद्य आणि नवे बिल या दोन्हींना सामोरे जावे लागते. त्याहून मोठा धोका सुट्टीची वाट पाहण्यात आहे. लहानशी कीड वर्षभरात मज्जेपर्यंत पोहोचली, तर जे काम दात भरून भागले असते, तेथे रूट कॅनल करावे लागते. चेहऱ्यावर सूज, ताप किंवा गिळताना त्रास होत असेल, तर विमानाच्या तिकिटाची वाट न पाहता तेथेच तातडीने उपचार घ्यावे लागतात.

म्हणून परदेशी जाण्यापूर्वी संपूर्ण दंततपासणी करून घेणे, एक्स-रे आणि उपचारांच्या नोंदी सोबत ठेवणे आणि दंतविम्याची वार्षिक मर्यादा व प्रतीक्षाकाळ आधीच वाचून घेणे हिताचे ठरते. मोठे काम मायदेशी करायचे असल्यास ते सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करावे. वर्षातून एकदा करायची तपासणी आणि सफाई मात्र जेथे वास्तव्य आहे तेथेच करून घ्यावी. बहुतेक दंतविम्यांत तिचा समावेश असतो आणि पुढचा मोठा खर्च तीच टाळते.