जुना संगणक भंगारात काढण्याआधी लिनक्स वापरून पाहा

मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, चालू यंत्रमाग केवळ जुना झाला म्हणून कोणी मोडीत काढत नाही. त्याचे सुटे भाग बदलतात, तेलपाणी करतात आणि त्याच मागावर पुन्हा कापड काढतात. संगणकाच्या बाबतीत मात्र विक्रेता म्हणाला, "आता नवीन घ्या," की आपण मुकाट्याने खिशात हात घालतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत बंद केली. विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-व्यवस्था व ठरावीक प्रोसेसर लागतो. साधारणपणे २०१७ च्या आधीचे संगणक त्यात बसत नाहीत. आमच्या घरातील दोन्ही संगणक असेच बाद ठरले. एकात ४ जी.बी. मेमरी, दुसऱ्यात अवघी २ जी.बी. मुलांचा अभ्यास, मालाच्या याद्या आणि पत्रव्यवहार याच दोन यंत्रांवर चालतो. नवीन दोन संगणकांचा खर्च म्हणजे मंदीच्या दिवसांत चांगलाच फटका. म्हणून आम्ही लिनक्सकडे वळलो.

लिनक्स म्हणजे काय, हे आपल्याच धंद्याच्या भाषेत सांगतो. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला. तो गाभा म्हणजे सूत समजा. सूत एकच, पण कोणी त्याची लुंगी विणतो, कोणी साडी, तर कोणी ग्रे कापड. तसे या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापला माल विणला. त्यालाच डिस्ट्रिब्युशन किंवा थोडक्यात डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ चे. त्याच्यावर आधारलेले उबुंटू २००४ साली निघाले आणि उबुंटूवरून लिनक्स मिंट २००६ साली. आपल्या सरकारच्या सी-डॅक या संस्थेनेही डेबियनवरून 'बॉस' नावाचे डिस्ट्रो तयार केले आहे. यांपैकी कशालाही घरच्या वापरासाठी पैसे पडत नाहीत.

मग निवड कशी करावी? आमचा तजुर्बा असा की नाव पाहून नव्हे, यंत्राचा दम आणि आपले काम पाहून करावी. ४ जी.बी.च्या संगणकावर आम्ही आधी उबुंटू चालवून पाहिले. दिसायला देखणे, पण त्या यंत्राला जड. मग मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घातली. तिचा मेनू खालच्या कोपऱ्यात, विंडोजसारखाच. त्यामुळे घरातील कोणालाच शिकवावे लागले नाही. २ जी.बी.च्या संगणकावर लुबुंटू बसवले. याद्या व पत्रे त्यावर नीट होतात. मात्र ब्राउझरमध्ये एकाच वेळी दहा पाने उघडली की ते धापा टाकते. जुनी हार्ड डिस्क काढून एस.एस.डी. बसवल्यावर दोन्ही यंत्रांत बराच फरक पडला.

ताका उचलण्याआधी आपण नमुना हातात घेऊन पाहतो. लिनक्समध्येही ही सोय आहे. डिस्ट्रोची फाइल उतरवून 'रूफस'सारख्या मोफत साधनाने पेन ड्राइव्हवर चढवावी आणि संगणक त्यावरून सुरू करावा. हार्ड डिस्कला हात न लावता सारे पाहता येते. आवाज येतो का, वाय-फाय लागते का, छपाई होते का, हे तेव्हाच तपासावे. आमचा एक जुना प्रिंटर लिनक्सवर चाललाच नाही; ते पेन ड्राइव्हवरच कळले आणि आम्ही तो विंडोजच्या संगणकाकडे ठेवला.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, म्हणून नस्तालिक लिपीची आम्हांला विशेष काळजी होती. नोटो नस्तालिक उर्दू हा मोफत फॉन्ट व उर्दूचा कीबोर्ड घातला, आणि लिबरऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे सरळ लिहिता आले. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच. मात्र इनपेजची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. जुना मजकूर त्यात असेल तर तो आधी युनिकोडमध्ये करून घ्यावा.

आता जे जमत नाही तेही सांगणे अगत्याचे आहे. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. जी.एस.टी.चे पोर्टल लिनक्सच्या ब्राउझरमध्ये उघडते, पण विवरणपत्रांचे ऑफलाइन साधन विंडोजवरच चालते. म्हणून पेढीच्या हिशेबाचा संगणक आम्ही विंडोजवरच ठेवला आणि घरचे दोन लिनक्सवर नेले. सगळे एकाच दिवशी बदलण्याचा हट्ट धरू नये.

आणखी एक गोष्ट. मापात दोन इंच कमी देणाऱ्याला आपण बेइमान म्हणतो, पण चोरीचे सॉफ्टवेअर मात्र कित्येक दुकानांत बिनदिक्कत चालते. ऐपत नाही म्हणून चोरी, ही सबब लिनक्समुळे उरत नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी प्रथम सर्व हिशेब, फोटो व कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावीत. पेन ड्राइव्हवरून आठवडाभर काम करून पाहावे. लांब मुदतीची आवृत्तीच घ्यावी. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. एवढे करूनही यंत्र चालले नाही, तर नवीन जरूर घ्यावे. पण चालत्या मागाला भंगाराचा भाव लावू नये.