ग्रंथपाल ताईंच्या हातातला मोबाइल

खालापूर तालुक्यातल्या मोहोपाड्याहून मी बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून माझा निम्मा महिना बैठकांमध्येच जातो. पण आज हप्ता, व्याज, कर्जफेड यातलं काही नाही. आज बोलायचंय ते वाचनालयाबद्दल, आणि तिथं टेबलामागे बसणाऱ्या ग्रंथपालाबद्दल.

गटात हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, सगळं तर मोबाइलमध्ये आहे, मग वाचनालयात कशाला जायचं?" प्रश्न रास्त आहे. रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातल्या कंपन्यांत पॅकिंगला जाणारी बाई शिफ्ट करून घरी येते, पाणी, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास. तिला पुस्तक बदलायला वेळ कुठला? मोबाइल मात्र कंबरेलाच असतो.

मोबाइलमध्ये सगळं आहे, हे खरंच. पण त्यातलं खरं कुठलं, आपल्या कामाचं कुठलं, आणि घ्यायची परवानगी कशाला आहे, हे मोबाइल सांगत नाही. ते सांगू शकेल असं एक माणूस आपल्या आसपास असतं. आपण तिला पुस्तकं देणारी-घेणारी बाई एवढंच समजतो.

आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान. ड वर्ग सगळ्यात छोटा. एक खोली, चार कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, तरी पुस्तकं, पेपर, वीजबिल आणि पगार हे सगळं त्यातच बसवायचं असतं. ग्रंथपालाच्या हातात पडणारी रक्कम ऐकलीत तर आपल्या मजुरीचा हिशेब बरा वाटेल. तरीही काही जणी हे काम मनापासून करतात.

आमच्या भागातल्या अशाच एका छोट्या वाचनालयाच्या ग्रंथपाल ताई आहेत. नाव सांगू नका, असं त्यांनीच बजावलंय. वाचक कमी झाले तेव्हा त्यांनी रडत बसण्याऐवजी मोबाइल हातात घेतला आणि एकेक गोष्ट करून पाहायला लागल्या. काय चाललं, काय नाही चाललं, ते त्यांच्याकडून ऐकलेलं तुम्हाला सांगते.

सुरुवात फेसबुकपासून. वाचनालयाचं पान काढलं, नव्या पुस्तकांचे फोटो टाकले. लाइक भरपूर आले. पुण्याहून आले, दुबईहून आले. वाचनालयात मात्र एकही नवीन माणूस आलं नाही. माझं मत विचाराल तर आपल्यासारख्या गावाला फेसबुकच्या पानाचा फार उपयोग नाही. ज्यांनी पुस्तक न्यायला यायचं, त्या बाया तिथं नसतातच.

मग व्हॉट्सअॅप ग्रुप केला. तो चालला, पण दोन आठवड्यांत त्यात गुड मॉर्निंगची फुलं, देवाचे फोटो आणि प्लॉट विक्रीच्या जाहिराती. त्याहून वाईट म्हणजे, ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. बारावीतल्या एका मुलीला अनोळखी नंबरवरून रात्री मेसेज यायला लागले. तिनं ते ताईंना सांगितलं म्हणून कळलं. सांगितलं नसतं तर घरच्यांनी मोबाइल काढून घेतला असता आणि वाचनालयही बंद केलं असतं.

यावर उपाय व्हॉट्सअॅपमध्येच आहे, आपल्याला माहीत नसतो इतकंच. त्याला ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणतात. एका यादीत २५६ जणांपर्यंत नंबर घालता येतात. ताईंनी एकदा मेसेज टाकला की प्रत्येकीला तो स्वतंत्र जातो, जणू तिला एकटीलाच पाठवलाय. उत्तर दिलं तर ते फक्त ताईंना दिसतं. कुणाचा नंबर कुणाला कळत नाही. अट एकच, ज्या बाईला मेसेज मिळायला हवा तिच्या मोबाइलमध्ये ताईंचा नंबर सेव्ह असला पाहिजे. गटाच्या सूचना देणाऱ्या अध्यक्ष-सचिवांनीही हे शिकून घ्यावं. विशेषतः ज्या गटात नव्या सुना आणि तरुण मुली आहेत, तिथं.

आता ताई दर शनिवारी एका मिनिटाचा आवाजी मेसेज पाठवतात. पुस्तक कशावर आहे, कुणाला आवडेल, ते स्वतःच्या शब्दांत. भाकऱ्या थापताना ऐकता येतं. लिहिलेला मेसेज ज्यांना भराभर वाचता येत नाही त्याही ऐकतात आणि लेकीला पाठवतात, "ते पुस्तक आण गं."

आता वाचनालयाच्या कपाटात नसलेलं, पण मोबाइलवर फुकट आणि रीतसर मिळणारं काय आहे, ते सांगते. मराठी विश्वकोश ऐकलाय का? वाईला तयार झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केला, वीस जाडजूड खंड. एवढे खंड छोट्या वाचनालयाला परवडायचे कुठून? पण तो सगळा इंटरनेटवर मराठीतून वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. जूनमध्ये पुस्तक हाती पडायला उशीर झाला तर पहिला धडा अडत नाही. लहान मुलांसाठी स्टोरीवीव्हर आहे. प्रथम बुक्स या संस्थेनं ते २०१५ मध्ये सुरू केलं. चित्रांच्या गोष्टी, मराठीतसुद्धा, आणि त्या उतरवून घ्यायला, छापायलाही परवानगी आहे. कॉलेजच्या मुलींना खरगपूरच्या आयआयटीनं उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उपयोगी पडतं, ते २०१८ मध्ये देशभरासाठी खुलं झालं. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. त्यांनी आपली जुनी दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून वाचायला ठेवली आहेत.

ही नावं ऐकून विसरून जाल. विसरा. ती लक्षात ठेवणं हेच ग्रंथपालाचं काम. तुम्ही फक्त जाऊन सांगायचं, "मला शेळीच्या आजारांवर मराठीत वाचायचंय," किंवा "पोरीला नववीचं विज्ञान कळत नाही." एस. आर. रंगनाथन म्हणून आपल्या देशातले मोठे ग्रंथपाल होऊन गेले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. हा नियम कपाटापुढे उभ्या असलेल्या बाईला लागू होतो, तसाच मोबाइलवर बोट फिरवून दमलेल्या बाईलाही.

आता एक वादाचा मुद्दा. कुणीतरी प्रसिद्ध कादंबरीची पीडीएफ मागतं आणि ताई नाही म्हणतात. "ग्रुपवर तर फिरतेय, तुम्ही का नाही देत?" याचं कारण समजून घ्या. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं पुस्तकाचा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून सगळ्यांसाठी मोकळी झाली. ती पाठवा, छापा, कुणी अडवणार नाही. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत आलेल्या पुस्तकांचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणजे अजून बरीच वर्षं. लेखकानं किंवा प्रकाशकानं स्वतःच परवानगी दिली असेल तर गोष्ट वेगळी, स्टोरीवीव्हरवर तसंच आहे. आपण पापड लाटून विकतो. आपल्या पापडाची पिशवी कुणी फुकट वाटली तर चालेल का? लेखकाचंही तेच आहे. पुस्तक फुकट वाचायचा सरळ मार्ग आहे, तो म्हणजे वाचनालयाची वर्गणी.

आता ज्यांना वाचताच येत नाही किंवा मराठी येतं पण इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी. मोबाइलमध्ये गुगल लेन्स नावाची सोय असते. कागदावर कॅमेरा धरला की इंग्रजी मजकूर मराठीत दिसतो आणि वाचूनही दाखवता येतो. मेसेज असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून तोच प्रकार.

एका बैठकीत एका मावशींनी सांगितलं होतं, "बँकेनं माझे ४३६ रुपये खाल्ले." मेसेज इंग्रजीत. ताईंनी तो मराठीत करून दाखवला. ते पैसे प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता होता. मावशींनी खातं उघडताना फॉर्मवर सही केली होती आणि विसरल्या होत्या. त्या गेल्या तर घरच्यांना दोन लाख मिळतील, हे त्यांच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. असाच २० रुपयांचा अपघात विमा असतो, तोही वर्षातून एकदा कापला जातो. आपापल्या पासबुकात बघा, आणि दिसला तर घरात सांगून ठेवा. विम्याचा दावा घरच्यांनाच करायचा असतो. मात्र औषधाच्या गोळ्यांवरचं भाषांतर शेवटचं मानू नका, मशीन चुकतं. तिथं डॉक्टर किंवा औषधवाल्यालाच विचारा.

यापुढचं जरा नीट ऐका, कारण यात पैसे जातात. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये २०२४ पासून यायला लागले. मग सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं ई-केवायसी करायला सांगितलं आणि लगोलग खोट्या लिंक फिरायला लागल्या. रंग तोच, फोटो तेच. मग ओळखायचं कसं? ताईंनी शिकवलेली रीत सांगते. आपण टपालाचा पत्ता लिहितो तेव्हा शेवटी काय येतं? मुक्काम मोहोपाडा, तालुका खालापूर, जिल्हा रायगड. मोठं नाव शेवटी. लिंकचंही तसंच. सुरुवातीला कुणीही काहीही लिहील, लाडकी बहीण लिहील, महाराष्ट्र लिहील. बघायचं ते शेवटाकडे. लिंकमध्ये वेबसाइटच्या नावानंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या अगदी अलीकडे काय आहे? तिथं 'डॉट गव्ह डॉट इन' असेल तर सरकारी. नावात महाराष्ट्र आहे, गव्ह आहे, पण शेवटी नुसतं डॉट कॉम किंवा डॉट एक्सवायझेड आहे, तर ते सरकारचं घर नव्हे. रायगडची पाटी लावून कुणीतरी भलत्याच जिल्ह्यात दुकान मांडलंय असं समजा.

दोन गोष्टी आणखी. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो खूप हातांतून फिरून आलाय. त्यावर विश्वास ठेवण्याआधी एकदा विचारा. आणि लग्नपत्रिका किंवा गाडीचा दंड म्हणून फाइल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती उघडायचीच नाही. ती पत्रिका नसते. तो तुमच्या मोबाइलमध्ये शिरणारा प्रोग्राम असतो. तरीही पैसे गेलेच तर लाजू नका, घरच्यांची वाट बघू नका, लगेच १९३० नंबरला फोन लावा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच थांबवले जाण्याची शक्यता जास्त.

एआयबद्दलही हल्ली विचारतात. प्रश्न विचारला की मराठीत गोड उत्तर देतो. ताईंनी त्याला मशरूम शेतीवरची मराठी पुस्तकं विचारली. त्यानं पाच नावं दिली, लेखकांसकट. ताईंनी शोधलं तर त्यातली तीन पुस्तकं जगात नव्हतीच. ठामपणे बोलतो म्हणून खरं बोलतो असं नाही. आपल्या गावातही अशी माणसं असतात म्हणा. अर्ज लिहून घ्यायला, अवघड वाक्य सोपं करून घ्यायला तो बरा. पण नाव, तारीख, रक्कम, औषध यातलं काहीही असेल तर दुसरीकडे तपासून घ्या.

यात अडचणी नाहीत असं नाही. डोंगराकडच्या ठाकूरवाड्यांत, कातकरी वाड्यांत रेंज येत नाही. बऱ्याच घरांत मोबाइल एकच आणि तो कंपनीत गेलेल्या नवऱ्याबरोबर जातो. म्हणून ताई गोष्टी आणि धडे वाचनालयातच उतरवून ठेवतात. वाडीवरची मुलगी आठवड्याच्या बाजाराला आली की तिच्या मोबाइलमध्ये भरून देतात, मग घरी रेंज लागत नाही. हे सगळं त्या स्वतःच्या रिचार्जवर करतात, हे मला खटकतं. दहा-बारा जणींच्या गटानं महिन्याला प्रत्येकी पाच-दहा रुपये काढले तर त्यांचा नेटचा खर्च सहज हलका होईल. आमच्या दोन गटांनी तसा ठराव इतिवृत्तात लिहून घेतलाय.

तुमच्या गावात वाचनालय असेल तर ते कुठल्या वेळेला उघडं असतं ते आधी विचारा, आणि पुढच्या बैठकीला ग्रंथपालांना बोलवा. पुरुष ग्रंथपाल असतील तर दादांना बोलवा, काही बिघडत नाही. बैठकीला येताना मोबाइल चार्ज करून आणा, पासबुक आणा, न कळलेला एखादा मेसेज पुसू नका, तो तसाच ठेवा. आणि दाखवताना ओटीपीचा आकडा कुणालाही सांगायचा नाही. आमच्या ताईंनाही नाही.